वेदीपासून वस्तीपर्यंत

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जामखेडच्या खेड्यांत बोअर घेणारं यंत्र आलं, तेव्हा गावोगाव एकच प्रश्न होता : हापसा कोणाच्या आळीत बसणार? महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. विहिरींनी तळ गाठला होता आणि जिथे थोडंफार पाणी उरलं होतं, तिथे दलितांनी विहिरीला हात लावायचा नाही हा दंडक दुष्काळातही ढिला पडला नव्हता. बोअरसाठी मदत मिळवून आणणाऱ्या डॉक्टर जोडप्याने पाणी शोधणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाला आधीच गाठलं. पाणी चार ठिकाणी लागण्यासारखं असेल, तर खूण दलित वस्तीतल्या जागेवर करायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. शास्त्राला बाधा नाही आणि गावाला बोलायला जागा नाही. हापसे वस्तीत बसले. ज्यांना पाणी हवं होतं, त्यांना कळशी घेऊन तिथे जावं लागलं. तहानेपुढे सोवळं फार दिवस टिकत नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ते जोडपं. दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती. पण त्यांच्या कामाची हकीकत सांगताना चर्चपेक्षा हापसा, सुईण, मीठ-साखरेचं पाणी आणि व्हॉलीबॉलचं मैदान यांचाच उल्लेख जास्त येतो. म्हणूनच ‘श्रद्धा जगणं म्हणजे नेमकं काय’ हा प्रश्न विचारायचा तर त्याची सुरुवात जामखेडपासून करायला हवी.

रजनीकांत अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शिक्षक दांपत्याचा मुलगा. मेबल जबलपूरच्या. त्यांचे वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवायचे. दोघांची गाठ पडली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९६०मध्ये लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. अशा प्रतिज्ञा लग्नाच्या दिवशी पुष्कळ जण करतात. यांनी ती पाळली.

आधी ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करू लागले. पेशंटांची रीघ लागायची, दिवस-रात्र काम चालायचं, हाताला यश होतं. पण काही वर्षांत दोघांच्याही लक्षात आलं, की तेच ते आजार पुन्हा पुन्हा येतायत. हगवणीने सुकलेलं मूल आज बरं करून पाठवावं, तर महिन्याभराने ते किंवा त्याचं भावंड पुन्हा दारात. रोग हॉस्पिटलात यायचा, पण त्याचं मूळ गावातच राहायचं. तिथून ते अमेरिकेला गेले. एकाने शस्त्रक्रियेचं, एकीने मेडिसिनचं प्रशिक्षण घेतलं. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोघांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिकडे राहिले असते तर बंगला-गाडी ठरलेलीच होती. १९७०मध्ये ते जामखेडला आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम मांडलं.

जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, बीडला लागून असलेला तालुका. पाऊस बेभरवशाचा, पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसं. डॉक्टरांनी गावकऱ्यांना विचारलं, काय हवं? दवाखाना हे उत्तर कोणीच दिलं नाही. खायला द्या, पाणी द्या, असं लोक म्हणाले. डॉक्टरकीच्या गर्वाला इथे पहिला धक्का बसतो. तो पचवणं भल्याभल्यांना जमत नाही. आरोळ्यांनी इंजेक्शनं बाजूला ठेवली आणि मुलांना एक वेळचं जेवण देण्याच्या कामाला लागले. गावानेच रांधायचं आणि सगळ्या जातींच्या पोरांनी एका पंगतीत बसायचं, ही अट होती.

तरुण पोरांना एकत्र आणायचं कसं? सभा बोलावली तर कोणी येत नव्हतं. रजनीकांत संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायला मैदानात उतरू लागले. खेळ संपला की गप्पा, गप्पांतून बियाणं, विहीर, झाडं असे विषय निघायचे, आणि त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. महिला मंडळांना वेळ लागला. बाईने चारचौघांत बोलायचं ही कल्पनाच तेव्हा गावाच्या पचनी पडणारी नव्हती.

खरा प्रयोग मात्र पुढेच होता. सुरुवातीला आरोळ्यांनी खेड्यांत प्रशिक्षित नर्स नेमल्या. जमलं नाही. शहराकडच्या पोरी परक्या गावात एकट्या राहायला बिचकायच्या आणि गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळं बोलायच्या नाहीत. मग कल्पना पुढे आली, की गावातलीच बाई का नको? शिक्षणाची अट नाही. गावाने निवडायची आणि तिने जामखेडला येऊन शिकायचं.

आल्या त्यांतल्या अनेकींना सही करता येत नव्हती. काही दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. सवर्ण घरांतल्याही आल्या, त्या दलित बाईच्या शेजारी बसायला तयार नव्हत्या. डॉ. मेबल यांनी वाद घातला नाही. एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं आणि रात्री सगळ्यांनी एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचं, असा नियम घातला. आरोग्याचा पहिला धडा फळ्यावर नव्हे, या पांघरुणात झाला. जिला शेजारणीच्या अंगाला अंग लागलेलं चालत नाही, ती उद्या गावातल्या दलित बाळंतिणीची नाळ कशी कापणार?

त्यांना शिकवलं ते अगदी हाताशी असलेल्या वस्तूंनी. हगवण लागली तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ. चव घेऊन बघायची. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं. बाळंतपणाला साबण, कोरं ब्लेड आणि स्वच्छ दोरा. नाळेवर शेण, राख काही लावायचं नाही. गर्भार बाईचे पाय सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर वाट न बघता जामखेड गाठायचं. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखायचा, क्षयाचा खोकला ओळखायचा आणि त्या माणसाला वाळीत न टाकता औषध पोचवायचं. शिकलेलं घरोघर सांगायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जामखेडला येऊन काय घडलं ते मांडायचं. डॉक्टरही त्या बायकांकडून शिकायचे. कोणत्या घरात पोरगी मुद्दाम उपाशी ठेवली जाते, ही माहिती कोणत्याही केसपेपरवर नसते.

पगार असा नव्हता. पोटापाण्यासाठी शेळी, किराणा, बांगड्या अशा छोट्या धंद्यांना हातभार मिळायचा. मान मात्र मिळू लागला, आणि तो उसना नव्हता. जिच्या हातचं पाणी पीत नव्हते, तिला रात्री-अपरात्री सुनेच्या बाळंतपणाला बोलवायला माणसं येऊ लागली.

आकडे बोलके आहेत. १९७१मध्ये या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात तो आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून होणाऱ्या आरोग्यकार्याबद्दल पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, त्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेड होतं. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये पद्मभूषण.

पुरस्कारांपेक्षा एक प्रसंग जास्त सांगून जातो. १९८८मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडची एक आरोग्य सेविका बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने सांगितलं, की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे, महाग आणि आमच्यापासून लांब. आम्ही पणत्या आहोत. स्वस्त, साध्या, पण एका पणतीवर दुसरी लावता येते. झुंबराला ते जमत नाही. ऐकणाऱ्यांत जगभरातले डॉक्टर होते आणि ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आता यात ख्रिस्ती काय आहे, असं कोणी विचारेल. जामखेडच्या आरोग्य सेविकांत बहुसंख्य ख्रिस्ती नव्हत्याच. प्रकल्पाने कोणाला बाप्तिस्म्याची अट घातली नाही. तरी आरोळे दांपत्याने आपल्या कामामागची प्रेरणा कधी लपवलीही नाही. कुष्ठरोग्याला हात लावणारा, बाईशी विहिरीवर बसून बोलणारा, वाळीत टाकलेल्यांच्या पंगतीत जेवणारा येशू त्यांच्यासमोर होता. आणि आणखी एक गोष्ट होती, तीच या लेखाच्या मते महत्त्वाची. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. विधी दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. गुरूने गुरूपण उतरवून ठेवायचं हा त्याचा अर्थ कामाच्या ठिकाणी आणणं मात्र फार जड जातं. आरोळ्यांनी सेवा केली यात विशेष काही नाही, सेवा पुष्कळांनी केली. त्यांनी आपलं डॉक्टरपण वाटून टाकलं. ज्या ज्ञानावर आपला मान उभा आहे, तेच निरक्षर बाईच्या ओटीत घालायचं, आणि उद्या तिला आपली गरज उरली नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

* * *

मिशनच्या कामाची जुनी तऱ्हा वेगळी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा बदल किती मोठा होता ते कळत नाही. कॅनडाचे डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९मध्ये भारतात आले आणि १८९४मध्ये त्यांनी मिरजेचं हॉस्पिटल सुरू केलं. तीन वर्षांनी वैद्यकीय शाळा काढली. मोतीबिंदू, मुतखडा, गाठी, काय वाटेल ते घेऊन कर्नाटकापासून कोकणापर्यंतची माणसं मिरज स्टेशनवर उतरायची. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वॉनलेसवाडीला त्यांचंच नाव आहे, तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. १९२८मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केलं. मिरजेला आज आरोग्यपंढरी म्हणतात त्याचा पाया या माणसाने घातला. १९६२मध्ये तिथे सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा त्यालाही याच हॉस्पिटलाचा आधार होता.

वॉनलेस यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण ते ‘साहेब’ होते. साहेबांच्या हाताला गुण होता, आणि गुण साहेबांच्या हाताला असला की साहेब गेले की प्रश्न उभा राहतो. परदेशी पैसा आटला, परदेशी डॉक्टर परतले, शेजारी खासगी हॉस्पिटलं झाली आणि महाराष्ट्रातली बरीच मिशन हॉस्पिटलं कशीबशी तग धरू लागली. काहींच्या जमिनींचे वाद कोर्टात गेले. विश्वस्त मंडळांतली भांडणं ऐकली की ही माणसं रविवारी एकाच प्रार्थनेला बसतात यावर विश्वास बसत नाही. ख्रिस्ती समाजातले जाणते लोक हे खासगीत कबूल करतात, जाहीर बोलत नाहीत. बोलायला हवं.

एक गोष्ट मात्र मिशन हॉस्पिटलांनी कायमची दिली, ती म्हणजे परिचारिका. परक्या पुरुषाची घाण काढणं हे कुलीन बाईचं काम नव्हे असं मानण्याचा तो काळ. नर्सिंगला येणाऱ्या पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता. नगर, मिरज, सोलापूरकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांत आजी, आई, मुलगी अशा तीन पिढ्या नर्स होत्या. श्रद्धा कामात कशी उतरते याचं उदाहरण शोधायला पुस्तकं चाळायची गरज नाही. रात्रपाळीच्या वॉर्डात पहाटे चार वाजता बेडपॅन उचलणाऱ्या बाईकडे बघितलं तरी पुरे. तिच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

* * *

आरोळ्यांच्याच जिल्ह्यात, संगमनेरकडच्या डोंगराळ पट्ट्यात, दुसरा एक ख्रिस्ती माणूस वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचला. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १९४८मध्ये भारतात आले. मराठी शिकले, नगरच्या सोशल सेंटरच्या कामातून शेतकऱ्यांच्या बांधाबांधावर हिंडले. आधी विहिरी, मोटारी, कर्जं अशी मदत झाली. पण मोटारी वाढल्या तशी पाण्याची पातळी खाली गेली. हा अनुभव तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने घेतला. पाणी उपसण्याआधी ते मुरवलं पाहिजे, ही साधी गोष्ट फादर गावागावांत सांगू लागले.

१९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची जुळवाजुळव झाली. नाबार्ड आणि जर्मन सरकार त्यात उतरलं. १९९३मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ ही संस्था काढली. कार्यक्रमाची मांडणी बघितली की फादरांचा स्वभाव कळतो. गावसभेत ठराव झाल्याशिवाय काम नाही. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने मान्य करायची. श्रमदान करायचं. पूर्ण निधीच्या आधी वर्ष-दीड वर्ष लहानशा तुकड्यावर काम करून दाखवायचं. आणि पैसा गावच्या पाणलोट समितीच्या खात्यावर यायचा. ठेकेदार नाही, पुढारी नाही.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यांतलं गाजलेलं गाव. पर्जन्यछायेतलं, उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणारं. १९९६च्या सुमाराला तिथे माथा ते पायथा काम सुरू झालं. माथ्यावर सलग समतल चर खणायचे म्हणजे आधी समपातळीची रेघ आखायला हवी. त्यासाठी दोन काठ्या, मधली आडवी पट्टी, टोकाला लोंबणारा दगड बांधलेला दोरा असं साधं लाकडी साधन पुरतं. चार इयत्ता शिकलेला पोरगाही ते धरून डोंगरभर चुन्याची रेघ ओढू शकतो. इंजिनियरचं काम गावकऱ्याच्या हातात आलं, ते असं. चराईबंदी मात्र सोपी नव्हती. ज्यांची सगळी मिळकत शेळ्या-मेंढ्यांवर, त्यांच्या पोटावर ती पहिली येते. बागायतदाराला पाणी मिळावं म्हणून मेंढपाळाने शेळ्या विकायच्या का, हा प्रश्न पाणलोटाच्या प्रत्येक गावात आला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं न्याय्य उत्तर निघालं असं म्हणता येणार नाही. तरी दरेवाडीत काही वर्षांनी टँकर थांबला.

बाखर २०२१मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. लोक त्यांना बाबा म्हणायचे. किती गावांत त्यांनी चर्च बांधलं हे कोणी विचारत नाही. किती गावांचा टँकर थांबला हे विचारतात.

* * *

वसईची गोष्ट निराळी. तिथला ख्रिस्ती माणूस बाहेरून सेवा द्यायला आलेला नाही. पोर्तुगीजांच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, तो तिथे बागायत करतोय. केळी, पानवेल, फुलं, भाजी. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, हा समाज मराठी बोलत, आपापल्या बोलीत गाणी म्हणत तिथेच राहिला. त्याला श्रद्धेचा प्रश्न पडला तो आपल्याच दाराशी.

सावकारी हा त्यातला पहिला. १९१८मध्ये मोन्सिनिअर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन बॅसिन कॅथलिक सहकारी बँकेची सुरुवात केली. गरीब बागायतदाराने लग्नासाठी, पंपासाठी, आजारपणासाठी सावकाराचा उंबरा झिजवू नये, हा हेतू. धर्मगुरूने जपमाळेबरोबर खतावणीही हातात धरावी, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं असेल. व्याज, तारण, थकबाकी ही शब्दावली उपदेशाला शोभणारी नाही. पण कर्जात बुडालेल्या माणसाला रविवारच्या प्रवचनाने दिलासा मिळतो तो सोमवारपर्यंतच. आज ती बँक शंभरी ओलांडून उभी आहे, आणि नाव कॅथलिक असलं तरी पापडीच्या शाखेतल्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं दिसतात.

दुसरा प्रश्न सत्तर वर्षांनी आला. मुंबई वाढत वाढत वसईच्या दारात आली. बिल्डर आले, हरित पट्टा बांधकामाला मोकळा करण्याच्या हालचाली झाल्या, विहिरी आणि बावखलांचं (गावतळ्यांचं) पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं. त्याच्या आगेमागे गुंडगिरी आली. भरदिवसा खून पडावेत आणि साक्षीदार मिळू नये, अशी वसईची ख्याती झाली होती. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. १९८०च्या दशकाच्या अखेरीला हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या मोर्च्यांत हजारो माणसं निघाली आणि त्यांत फक्त ख्रिस्ती नव्हते.

धर्मगुरूने वेदीवर राहावं, राजकारणात पडू नये, असं सांगणारे बाहेर होते तसे चर्चमध्येही होते. दिब्रिटोंचं उत्तर त्यांच्या ‘सुवार्ता’ मासिकातून महिन्याच्या महिन्याला मिळत होतं. सुमारे दोन तपं त्यांनी ते मासिक चालवलं. धर्मप्रांताचं घरगुती पत्र अवघ्या मराठी वाचकांचं झालं. त्यात ज्ञानेश्वर-तुकारामांवर लेख यायचे, पाण्यावर यायचे, चर्चच्या चुकांवरही यायचे. विहिरीचं पाणी हा त्यांच्या लेखी नीतीचा विषय होता. शेजाऱ्यावर प्रीती कर असं सांगायचं आणि शेजाऱ्याची विहीर टँकरवाला उपसतोय तेव्हा गप्प बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

लढाई पुरती जिंकली का? वसई रोड किंवा नालासोपाऱ्याला उतरून बघणाऱ्याला उत्तर मिळतं. बागायतीचा मोठा पट्टा इमारतींखाली गेला. २००९मध्ये महापालिका झाली, तिच्यातून वगळावं म्हणून गावं पुन्हा भांडली. पश्चिमेकडे जी हिरवळ उरलीय, तिचं श्रेय मात्र त्या मोर्च्यांना द्यावंच लागतं.

दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हे पद कशाला, म्हणून त्याआधी विरोध झाला, धमक्या आल्या. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

* * *

धमक्या का आल्या? कारण मराठी मनात एक जुना संशय आहे : सेवेच्या आड धर्मांतर. तो निव्वळ द्वेषातून आलाय असं म्हणून झटकता येत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर १८९३मध्ये हेच वादळ उठलं. तिथल्या काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकल्याची चर्चा झाली, ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळातली पुण्याची सुधारक मंडळी बाजूला झाली. रमाबाई मागे हटल्या नाहीत. दुष्काळात वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका घेऊन त्यांनी केडगावला मुक्ती सदन वसवलं. तिथे विणकाम, छपाई, दुग्धशाळा, शेती असं सगळं बायकाच करत. अंध मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं जाई. रमाबाई श्रद्धेबाबत कोणालाच बधणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशीही सिद्धान्तावरून कडाक्याचा वाद घातला होता. त्यांच्यावर आमिष दाखवल्याचा आरोप करणाऱ्यांनी एक गोष्ट कधी विचारली नाही : त्या दुष्काळात त्या बायकांना दुसरं कोण दारात घेत होतं?

संशयाची दुसरी बाजू आकडा सांगतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती दहा लाखांच्या थोडे वर भरले, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. दोनशे वर्षांच्या शाळा-हॉस्पिटलांनंतरचा हा हिशेब.

आणि ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना मिळालं काय? अहमदनगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे दलित. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. एका वाड्यातल्या दोन चुलत घराण्यांपैकी एकाने बौद्ध धर्म घेतला, दुसऱ्याने ख्रिस्ती. गावाने दोघांनाही सारखंच वागवलं, सरकारी कागदाने नाही. मग रविवारी चर्चला जायचं आणि दाखल्यावर हिंदू राहायचं, ही तडजोड घरोघर चालते. पोराच्या नोकरीचा प्रश्न असतो, नावं ठेवणाऱ्याने तो सोडवून दाखवावा. नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्याला नकार दिला. प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं मान्य करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. दलित धर्मांतरितांच्या दर्जाचा विचार करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग २०२२मध्ये नेमला गेला. कामाच्या ठिकाणी श्रद्धा जगायची तर ती आधी अर्जावरच्या ‘धर्म’ या रकान्यात लिहिता यायला हवी. ते धाडस या माणसांकडे मागताना आपण काय मागतोय, याचं भान चर्चच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनाही असायला हवं. चर्चमध्ये जात संपली असं छातीठोक सांगण्याची सोय अजून नाही. स्थळं बघताना कोण कुठल्या मंडळीतला हे विचारलं जातं, आणि त्या चौकशीतून पुष्कळदा जातच हाती लागते.

* * *

डॉ. मेबल १९९९मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११मध्ये. जामखेडचं काम बंद पडलं नाही. कन्या डॉ. शोभा आरोळे यांनी ते पुढे नेलं. जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळा चालते. देशी-परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे शिकायला येतात, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत आरोग्य सेविकाही असतात. पदवीधर पोरं वहीत टिपून घेतात आणि सत्तरीतली बाई बोटांच्या चिमटीने मिठाचं माप दाखवते.

२००५मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण आरोग्य अभियान आणलं. हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ आरोग्य सेविका नेमली. या कल्पनेमागे ज्या प्रयोगांची शिदोरी होती, त्यांत जामखेडची होती. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी, कोरोनाच्या काळात, महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. २०२३च्या शेवटी आणि २०२४च्या सुरुवातीला पुन्हा रस्त्यावर बसल्या. सरकारने जामखेडची बाई घेतली. दर आठवड्याचं शिक्षण, तिच्याकडून शिकायची तयारी असलेला डॉक्टर आणि गावाने दिलेला मान तिच्याबरोबर घेतला नाही. तिच्या हातात नोंदवह्या दिल्या आणि कामाप्रमाणे मोबदला ठेवला. आरोग्य केंद्रात ती अहवाल द्यायला जाते, तेव्हा तिला बसायला खुर्ची मिळते का, हे एकदा कोणीतरी मोजायला हवं.